गोलकिक, एक शिवी आणि फिफाची दहा वर्षं

लास व्हेगासच्या अलेजियन्ट स्टेडियमला छप्पर आहे. आवाज वर जातो, आपटतो आणि परत अंगावर येतो. १५ जून २०२३ च्या रात्री त्या छपराखाली अमेरिका विरुद्ध मेक्सिको असा सामना होता. कॉन्काकाफ, म्हणजे उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियन देशांची फुटबॉल संघटना, तिच्या नेशन्स लीगची उपांत्य फेरी. मैदान अमेरिकेचं, पण स्टँडमध्ये हिरवे शर्ट काही कमी नव्हते. मेक्सिको अमेरिकेत खेळतो तेव्हा हे असंच असतं.

अमेरिकेच्या पुलिसिकने मध्यंतराच्या आधी एक आणि नंतर लगेच दुसरा गोल केला. तिथून मेक्सिकोच्या हातातून सामना गेला आणि डोकीही गेली. सत्तराव्या मिनिटाच्या सुमारास मेक्सिकोच्या मोन्तेसने अमेरिकेच्या बालोगनला मागून लाथ घातली आणि दोन्हीकडची पोरं एकमेकांवर धावली. अमेरिकेच्या मॅकेनीचा शर्ट गळ्यापासून फाटून लोंबायला लागला. मोन्तेस आणि मॅकेनी दोघंही बाहेर. पुढे पेपीने तिसरा गोल केला. त्यानंतर पुन्हा ढकलाढकली, पुन्हा दोन लाल कार्डं, डेस्ट आणि आर्तेआगा. नऊ विरुद्ध नऊ. इतकं होईपर्यंत नव्वद मिनिटं भरत आली होती.

आणि मग अमेरिकेच्या गोलकीपरने गोलकिकसाठी चेंडू ठेवला.

स्टँडमधून "एऽऽऽ" असा लांबलचक सूर निघाला, चेंडूला पाय लागला त्याच क्षणी तो एका शब्दात फुटला, आणि एल साल्वादोरचे पंच इव्हान बार्टन यांनी खेळ थांबवला. पडद्यावर सूचना आली, माईकवरून विनंती झाली. काही वेळाने खेळ पुन्हा सुरू. जादा वेळ दाखवला होता बारा मिनिटांचा. त्यात तोच सूर, तोच शब्द परत आला. ती बारा मिनिटं पुरी होण्याआधीच बार्टन यांनी शेवटची शिट्टी मारली. ३-० असाच निकाल राहिला.

हे प्रकरण मी त्या रात्रीपुरतं लिहीत नाहीये. त्या शिट्टीमागे निदान वीस वर्षांची कथा आहे आणि तिच्यात फिफापासून मेक्सिकोतल्या ग्वादलाहारा शहराच्या स्टँडपर्यंत सगळ्यांचे हात गुंतलेत. माझा त्यात संबंध इतकाच, की मी कोल्हापूरचा. पेठांच्या फुटबॉलमध्ये वाढलो आणि काही हंगाम एका स्पर्धेत माईकवर बसलो. "प्रेक्षकांना नम्र विनंती, अपशब्द वापरू नयेत" हे वाक्य मी इतक्या वेळा उच्चारलंय की झोपेतही म्हणेन. त्या विनंतीनंतर पहिली शिवी कुणाला बसते, हे माईकवाल्यालाच ठाऊक असतं.

तो शब्द

शब्द आहे 'पुतो'. स्पॅनिशमध्ये अक्षरशः अर्थ धंदा करणारा पुरुष. वापरात मात्र तो दोन कामं करतो. समलिंगी पुरुषाला हिणवायचं, आणि कुणालाही भित्रा, नेभळट म्हणायचं. आपल्याकडच्या 'बायल्या'ची जी जागा आहे, साधारण तीच.

ओरडण्याची पद्धत ठरलेली. गोलकीपर चेंडू ठेवून मागे जातो, तेव्हा हजारो माणसं हात पुढे करून बोटं थरथरवतात. सूर हळूहळू चढतो. चेंडूला लाथ बसली की शब्द सुटतो. ज्याने एकदा ऐकलंय त्याला हे कबूल करावं लागेल की यात ताल आहे, आणि तालामुळेच ते इतकं पसरलं. भांडणातली शिवी एकट्याची असते. ही शिवी म्हणजे सामूहिक खेळ आहे. शेजारी अनोळखी माणूस बसलेला असतो, त्याच्याबरोबर आपण एकाच क्षणी एकच शब्द ओरडतो आणि हसतो. बहुतेकांना ते गोलकीपरशी भांडण वाटतच नाही.

उगम ग्वादलाहाराचा सांगतात. अ‍ॅटलस आणि चिवास हे त्या शहरातले दोन कट्टर वैरी क्लब. ओस्वाल्दो सांचेझ हा गोलकीपर अ‍ॅटलसमध्ये घडला आणि पुढे फिरून चिवासच्या गोलात उभा राहिला. आपला पोरगा पलीकडे गेला, म्हणून अ‍ॅटलसच्या स्टँडने त्याच्या प्रत्येक गोलकिकला ही आरोळी ठोकायला सुरुवात केली, अशी ही कथा. मग २००४ साली ऑलिम्पिक पात्रतेच्या स्पर्धेत, त्याच शहरात, ती अमेरिकेविरुद्ध ऐकू आली आणि राष्ट्रीय संघाला चिकटली. पेठेतला माणूस या कथेवर लगेच विश्वास ठेवेल. शेजारच्या पेठेकडून खेळायला गेलेल्या पोराला काय काय ऐकावं लागतं, ते आम्हाला सांगायला नको.

२०१४: निर्दोष

ब्राझीलच्या विश्वचषकात मेक्सिकोचा पहिला सामना कॅमेरूनशी होता. आरोळी जगभर ऐकू गेली. फिफाने चौकशी लावली आणि काही दिवसांत फाइल बंद केली. या विशिष्ट संदर्भात हा शब्द अपमानकारक धरता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. प्रशिक्षक मिगेल एरेरा यांनीही त्यात फारसं काही वाईट नाही, असाच सूर लावला होता.

त्याच दिवसांत मेक्सिकोच्याच सरकारची भेदभावविरोधी परिषद, कोनाप्रेद, नेमकं उलटं म्हणत होती. ही आरोळी समलिंगीद्वेषाची आहे, पुरुषी मस्तीची आहे, स्त्रीद्वेषाची आहे. म्हणजे हा 'बाहेरच्यांना आमची भाषा कळत नाही' असा मामला नव्हताच. भाषा कळणारी घरातली माणसंच बोलत होती.

माझ्या मते सगळं प्रकरण इथं बिघडलं. पुढचे सगळे दंड, बंदी, मोहिमा यांच्यापेक्षा हा एक निकाल भारी पडला. कारण स्टँडमधल्या माणसाला नियमाची कलमं माहीत नसतात, पण 'फिफाने चालेल म्हटलं' हे त्याला बरोबर माहीत असतं. एकदा चालेल म्हटलेलं दोन वर्षांनी चालणार नाही म्हणायला गेलं, की माणूस विचारतो, शब्द तोच, मग मधल्या काळात काय बदललं? प्रश्न रास्त आहे आणि त्याला फिफाने कधी सरळ उत्तर दिलं नाही.

दंडाचा हिशेब

जानेवारी २०१६ मध्ये फिफाने पहिला मोठा फटका मारला, तोही एकट्या मेक्सिकोला नाही. मेक्सिको, अर्जेंटिना, पेरू, उरुग्वे या प्रत्येकाला २०,००० स्विस फ्रँक आणि चिलीला ७०,०००. समलिंगींना हिणवणाऱ्या आरोळ्या एका देशाच्या नव्हत्याच, हे त्या यादीवरूनच दिसतं. तेव्हाच्या भावाने वीस हजार फ्रँक म्हणजे साधारण तेरा लाख रुपये. मेक्सिको सिटीच्या अझ्टेका स्टेडियममध्ये ऐंशी हजारांच्या वर माणूस बसतो. तिकिटांच्या गल्ल्यापुढे हा दंड म्हणजे पार्किंगची पावती.

मग पावत्या येत राहिल्या. २०१८ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत एकामागून एक. प्रत्यक्ष विश्वचषकात मॉस्कोला मेक्सिकोने गतविजेत्या जर्मनीला १-० ने हरवलं, देशभर लोक रस्त्यावर नाचले आणि त्याच सामन्यातल्या आरोळीसाठी १०,००० फ्रँकचा दंड झाला. इतक्या आनंदात दहा हजार फ्रँक कुणाला आठवणार?

दरम्यान मेक्सिकोच्या महासंघाने गोडीगुलाबीही करून पाहिली. खेळाडूंना कॅमेऱ्यासमोर उभं करून विनंत्या केल्या. 'तो शब्द सोडा, त्या जागी मेहिको ओरडा' असं सुचवलं. कागदावर कल्पना चांगली. पण माईकवर बसलेल्या माणसाला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की लांब "एऽऽऽ" नंतर तोंडाला दोन अक्षरांचा दणका हवा असतो. 'मे-हि-को' त्या लाथेवर बसत नाही. शिवीची जागा घोषणेने भरायची तर घोषणेला निदान शिवीइतका ताल पाहिजे. लोकांनी दोन-तीन सामने लाजेखातर ओरडून पाहिलं असेल, मग आपल्या मूळपदावर आले.

२०१९ मध्ये फिफाने नवी शिस्त-संहिता आणली आणि पंचांसाठीच्या तीन पायऱ्या तिच्यात पक्क्या केल्या. पहिली, खेळ थांबवा आणि माईकवरून सांगा. दुसरी, तरी ऐकलं नाही तर खेळाडूंना काही काळ आत न्या. तिसरी, सामना रद्द करा.

रिकामा अझ्टेका

मार्च २०२१. कोविडमुळे थोडेच प्रेक्षक सोडलेले. टोकियो ऑलिम्पिकची पात्रता स्पर्धा, आणि ठिकाण पुन्हा ग्वादलाहारा. डॉमिनिकन रिपब्लिकविरुद्धच्या सामन्यात आरोळी झाली. अर्धंअधिक स्टँड मोकळं असूनही झाली, हे लक्षात घ्या.

जूनमध्ये डेनव्हरला नेशन्स लीगचा अंतिम सामना झाला, पुन्हा अमेरिकेशीच. आरोळीसाठी खेळ थांबला. अतिरिक्त वेळेत पुलिसिकने पेनल्टी मारली, खेळाडू कोपऱ्यात जल्लोष करत होते आणि स्टँडमधून आलेली वस्तू जिओ रेना या अठरा वर्षांच्या पोराच्या डोक्यात बसली. तो खाली कोसळला. अमेरिका ३-२ ने जिंकली. शब्द आणि बाटली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं समजणाऱ्यांनी त्या रात्रीचं चित्रीकरण पाहावं. ज्या स्टँडला काहीही ओरडायची मुभा आहे असं वाटतं, त्याच स्टँडचा हात फेकायलाही लवकर उठतो.

१८ जून २०२१ ला निकाल आला. ग्वादलाहाराच्या आरोळीसाठी ६०,००० फ्रँक आणि मायदेशातले दोन अधिकृत सामने प्रेक्षकांविना. या आरोळीपायी मेक्सिकोला अशी शिक्षा आधी कधी झाली नव्हती. सप्टेंबरमध्ये विश्वचषक पात्रतेचा जमैकाविरुद्धचा सामना मोकळ्या अझ्टेकात झाला. ज्या मैदानात १९७० आणि १९८६ चे विश्वचषक अंतिम सामने गच्च भरलेल्या स्टँडपुढे झाले, तिथं प्रशिक्षकाच्या हाका आणि चेंडूला बसणारा पाय ऐकू येत होता.

धडा मिळाला म्हणावं, तर ऑक्टोबरमध्ये प्रेक्षक परत आले आणि कॅनडा, होंडुरासविरुद्ध आरोळीही परत आली. १ नोव्हेंबरला दुसरा निकाल लागला. १ लाख फ्रँक आणि पुन्हा दोन सामने बंद दाराआड. एक लाख फ्रँक म्हणजे ऐंशी लाख रुपयांच्या घरात.

आता महासंघ घाबरला. तिकिटाला नाव जोडायचं, फोटो द्यायचा, प्रवेशाला कोड दाखवायचा आणि ओरडताना सापडेल त्याला पाच वर्षं बंदी, असं जाहीर झालं. त्यातच ५ मार्च २०२२ ला मेक्सिकोतल्याच केरेतारो शहराच्या स्टेडियममध्ये केरेतारो आणि अ‍ॅटलसच्या समर्थकांची भयंकर मारामारी झाली. २६ जण जखमी झाले, बायका-पोरं जीव वाचवायला मैदानात उतरली. त्यानंतर ओळखपत्राची सक्ती लीगमध्येही आली. ती शिवीसाठी नव्हती, रक्तासाठी होती. पण यंत्रणा तीच.

मोकळ्या स्टेडियमच्या शिक्षेबद्दल एक गोष्ट बोलायला हवी. ती कुणाला झाली? जो ओरडत होता तो घरी बसून टीव्हीवर सामना बघत होता. जो ओरडत नव्हता तोही घरीच. बाहेर भजी-चहासारखं जे काही तिथं विकतात ते विकणारा तर बिचारा हकनाक गेला. मास्तरने एका पोराच्या दंग्यासाठी सगळ्या वर्गाला उभं केलं, की वर्ग त्या पोरावर चिडत नाही, मास्तरवर चिडतो. हे आपण सगळ्यांनी शाळेत अनुभवलंय.

दुसरी भानगड पैशाची. मेक्सिकोचा संघ दरवर्षी चार-पाच मैत्रीपूर्ण सामने अमेरिकेत खेळतो. कॅलिफोर्निया, टेक्सास, जिथं मेक्सिकोची माणसं मोठ्या संख्येनं राहतात तिथं स्टेडियम भरतं आणि डॉलरमध्ये गल्ला भरतो. शिक्षा होती ती मायदेशातल्या अधिकृत सामन्यांना. म्हणजे मेक्सिको सिटीच्या माणसाला आपला संघ बघता येत नव्हता, आणि अमेरिकेतला दौरा सुखेनैव चालू. पाच वर्षांच्या बंदीची भीतीही मायदेशापुरती, कारण टेक्सासच्या फाटकावर मेक्सिकोच्या महासंघाचा कोड कोण विचारणार? लास व्हेगासची रात्र डेनव्हरसारखीच अमेरिकेत घडली, हा योगायोग मला वाटत नाही.

कतारच्या विश्वचषकात, पोलंड आणि सौदी अरेबियाविरुद्धच्या सामन्यांत, पुन्हा तेच. जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा १ लाख फ्रँक आणि एक सामना बंद दाराआड. आणि पाच महिन्यांनी लास व्हेगास.

ती शिट्टी नक्की कुणाच्या बाजूची?

बार्टन यांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हा विचार मी पुष्कळ केला. नऊ-नऊ खेळाडू, फाटलेले शर्ट, तापलेला जमाव. पुढची पाच मिनिटं खेळवण्यात कुणाचंच भलं नव्हतं. त्यांनी केलं ते शहाणपणाचं केलं.

पण त्या शहाणपणात एक भोक आहे. ०-३ ने मागे असलेल्या संघाच्या प्रेक्षकांसाठी सामना लवकर संपणं ही शिक्षा नसते, सुटका असते. नीट पाहिलं तर गेल्या काही वर्षांत ही आरोळी सर्वांत जोरात येते ती मेक्सिको हरत असताना, शेवटच्या मिनिटांत. सुरुवातीला ती गोलकीपरची थट्टा होती. पुढे ती आपल्याच संघावरचा, महासंघावरचा, महागड्या तिकिटावरचा राग झाली. 'तुम्ही ज्याला बंदी घातलीत तेच आम्ही ओरडणार.' बंदी नसती तर त्या शब्दात हे बंड भरलं गेलं नसतं, आणि बंदी न घालावी तर ज्याला तो शब्द लागतो त्याने कुठं जायचं? या कात्रीतून सुटायचा सोपा रस्ता मला तरी दिसत नाही. प्रशिक्षक डिएगो कोका यांना चार दिवसांत काढून टाकलं, ते अर्थात शिवीसाठी नाही, तीन गोलांसाठी.

उलट बाजूने विचार करा. संघ १-० ने पुढे आहे आणि पंच सामना रद्द करून गुण काढून घेणार आहे, असं स्टँडला पक्कं ठाऊक असतं तर? तर शेजारच्याने शेजाऱ्याचं तोंड दाबलं असतं. गुणांची भीती सामन्याच्या आत असते, फ्रँकची भीती फिफाच्या झुरिकच्या कचेरीत. इतक्या वर्षांत इतके दंड झाले, पण या आरोळीपायी मेक्सिकोचा गुण गेला, असं मात्र घडलं नाही. विश्वचषकाला मेक्सिको हवाच असतो. टीव्हीला हवा असतो, प्रायोजकांना हवा असतो. २०२६ च्या विश्वचषकाचं उद्घाटनही अझ्टेकालाच मिळालं. मास्तर छडी उगारतो, पण पोरगा देणगीदाराचा आहे हे वर्गाला माहीत असतं.

'आमच्यात तसा अर्थ नसतो'

या प्रकरणात मेक्सिकन समर्थकाचा बचाव मी टाकून देणार नाही, कारण तो मला घरचा वाटतो. आमच्यात तो शब्द मित्राला म्हणतात. स्टेडियम हे आठवड्याची वाफ सोडायची जागा. कुणा समलिंगी माणसाला उद्देशून कोण म्हणतंय?

कोल्हापूरच्या माणसाने यावर हसू नये. 'रांडेच्या' म्हणून मिठी मारणारे आम्ही. बाहेरगावचा पाहुणा हादरतो आणि आम्ही त्याला समजावतो, अहो, ते प्रेमानं असतंय. खरंच प्रेमानं असतं, त्यात खोटं नाही. पण त्या शब्दात एक बाई आहे. ती विधवा असेल, नाहीतर धंद्यातली. तिला आजवर कुणी विचारलेलं नाही की तुझ्या नावाने आम्ही जे प्रेम करतो ते तुला कसं वाटतं. 'पुतो'मध्येही तसाच एक माणूस बसलाय. मेक्सिकोतले समलिंगी लोक इतकंच सांगत होते की मार पडण्याआधी आमच्या कानावर हाच शब्द येतो. मित्र म्हणतो तेव्हा तो थट्टा असतो, गल्लीच्या तोंडाशी चौघे उभे असतात तेव्हा नसतो, आणि सत्तर हजार जण म्हणतात तेव्हा तो नक्की कुठला, हे ऐकणाऱ्याने कसं ओळखायचं?

वाफेचंही तसंच. आपल्याकडे त्यासाठी शिमगा आहे. होळीपुढे बोंब ठोकायची, नाव घेऊन अचकटविचकट बोलायचं, आणि राग धरायचा नाही हा गावाचा दंडक. पण शिमग्याला तिथी आहे. ज्याच्या नावानं बोंब मारली त्याच्याच घरी दुसऱ्या दिवशी जायचं असतं, त्याच विहिरीवर पाणी भरायचं असतं. गाव त्याला सांभाळून घेतं. लास व्हेगासच्या स्टँडमधला माणूस ज्याला उद्देशून ओरडतो त्याला पुन्हा कधी भेटणार नाही, आणि ज्याच्या कानात टीव्हीवरून तो शब्द शिरतो त्याच्याबद्दल तर त्याला काहीच माहीत नाही. हा बारमाही शिमगा झाला.

गंमत म्हणजे कायदा स्टँडच्या कितीतरी पुढे गेलाय. मेक्सिको सिटीत समलिंगी विवाह २०१० पासून होतात. २०२२ च्या अखेरीस देशातल्या सगळ्या राज्यांत ते कायदेशीर झाले. म्हणजे कतारमध्ये आरोळी ठोकणाऱ्यांपैकी एखाद्याच्या भावाने घरी रीतसर लग्न केलेलं असू शकतं, आणि त्याच्या वरातीत हाही नाचलेला असू शकतो.

२०२४ आणि एक पोरगं

२४ मार्च २०२४. टेक्सासमधलं आर्लिंग्टन, पुन्हा छप्पर, पुन्हा नेशन्स लीगचा अंतिम सामना, पुन्हा अमेरिका आणि मेक्सिको. अ‍ॅडम्सने लांबून गोल मारला, दुसरा रेनाने. तोच रेना, डेनव्हरला ज्याच्या डोक्यात वस्तू बसली होती. २-० झालं, शेवटची मिनिटं आली, अमेरिकेच्या गोलकीपरने चेंडू ठेवला आणि पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे. कॅनडाचे पंच ड्रू फिशर यांनी दोनदा खेळ थांबवला. स्टँडमधून कप आले, वस्तू आल्या. या वेळी मात्र सामना पूर्ण खेळवला.

त्याच सुमारास आमच्याकडे हंगाम ऐन भरात होता. मी माईकवर होतो. आमचं टेबल स्टँडच्या अगदी पायथ्याशी, त्यामुळे वरच्या चार ओळींत काय बोलतात ते सगळं ऐकू येतं. एका संघाचा गोलकीपर नवखा होता. हातातून एक चेंडू सुटला होता त्याच्या, आणि तेव्हापासून तो गोलकिकला गेला की वरून 'बायल्याऽऽ' सुरू व्हायचं. मी दोनदा विनंती केली. दुसऱ्या विनंतीला माझ्या मातोश्रींचा उद्धार झाला, तो नेहमीचाच.

दुसऱ्या ओळीत एक जण पोराला खांद्यावर घेऊन बसला होता. पोरगं पाच-सहा वर्षांचं. हातात वडापाव, अर्धा खाल्लेला. बापाबरोबर तेही ओरडत होतं, त्याच्या आवाजापेक्षा उंच. मग खेळ थोडा पलीकडे गेला, गलका कमी झाला, आणि पोराने वाकून बापाच्या कानात विचारलं, "पप्पा, बायल्या म्हंजे काय?"

बाप मैदानाकडेच बघत होता.

"काय नसतंय बाळा. गोलकीपरला म्हणायचं असतंय."